साहेबाची जीप, नातवाची थार

गेल्या चार-पाच वर्षांत वाशीम जिल्ह्यातील रस्त्यांवर एक गाडी वारंवार दिसू लागली आहे. चौकोनी बांधा, सपाट बोनेट, गोल दिवे, समोर उभ्या फटींची जाळी आणि काही गाड्यांना मागे दुमडता येणारा कापडी टप. एमएच ३७ ची पाटी लावलेली ही थार रिसोडच्या बाजारात दिसते, कारंज्याच्या लग्नात दिसते, मालेगावच्या पेट्रोलपंपावर दिसते. ती घेणारे बहुतेक तिशीच्या आतबाहेरचे आहेत. गाडीचा आकार मात्र त्यांच्या आजोबांच्या उमेदीच्या काळातला आहे. एवढ्याच पैशात जास्त माणसांची, जास्त सामानाची, कमी हादऱ्यांची गाडी मिळत असताना ही मुले जुन्या घाटाची गाडी का घेतात, हा या लेखाचा प्रश्न आहे.

'तरुणांचे खूळ' असे त्याचे सोपे उत्तर दिले जाते. मला ते पुरेसे वाटत नाही. खूळ असले तरी ते विशिष्ट आकाराचे का असते, याला इतिहास असतो. हा आकार अमेरिकेतून आला आणि जुन्या घाटाची नवी गाडी विकण्याची कलाही तिथेच पूर्णत्वाला गेली. म्हणून आधी तिकडे जाऊन मग वऱ्हाडात येणे सोयीचे होईल.

मस्टँगची निवडक स्मृती

१७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात फोर्ड कंपनीने मस्टँग ही गाडी लोकांसमोर आणली. लांब बोनेट, आखूड मागचा भाग, आणि हवे असल्यास मागे घडी होणारे कापडी छप्पर. सुरुवातीची किंमत २,३६८ डॉलर. त्या काळी मध्यम अमेरिकी कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न सुमारे साडेसहा हजार डॉलर होते. म्हणजे वर्षाच्या मिळकतीच्या साधारण एक तृतीयांशात ही गाडी दारात उभी राहत होती. पहिल्या वर्षात चार लाखांहून अधिक गाड्या खपल्या. त्याच वर्षी पॉन्टिॲकची जीटीओ आली आणि मध्यम आकाराच्या गाडीत दांडगे इंजिन बसवण्याची चढाओढ लागली. या दांडग्या गाड्यांना पुढे 'मसल कार' हे नाव रूढ झाले.

हा बहर दहा वर्षेही टिकला नाही. धुराचे नियम कडक झाले, विम्याचे हप्ते वाढले आणि १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखले. १९७४ ची मस्टँग लहान आणि अशक्त होती, आणि कापडी छपराची मस्टँग तर १९७३ नंतर दहा वर्षे निघालीच नाही. १९७६ ची कॅडिलॅक एल्डोराडो ही 'शेवटची उघडी अमेरिकी गाडी' म्हणून विकली गेली.

२००५ मध्ये फोर्डने नवी मस्टँग काढली. तिचे नाक, दिवे, मागच्या काचेचा उतार हे सारे साठच्या दशकातल्या मस्टँगची आठवण करून देणारे होते. तेव्हा फोर्डच्या रचनाविभागाचे प्रमुख असलेले जे मेज हे याआधी फोक्सवॅगनच्या नव्या बीटलशी संबंधित होते. जुन्या आकाराला नवी कातडी चढवण्याचा त्यांचा हात बसलेला होता. पाठोपाठ डॉजने २००८ मध्ये चॅलेंजर आणि त्यानंतर शेवरोलेने कमॅरो याच रीतीने परत आणली.

यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. २००५ च्या मस्टँगला १९६४ ते १९७० पर्यंतचे सगळे आठवते, १९७४ चे काही आठवत नाही. तेलटंचाईतली बारीक मस्टँगही त्याच घराण्यातली होती आणि तीही लाखांनी विकली गेली होती. पण तिच्या आकाराला पैसे मोजणारा कोणी नव्हता. जुन्या घाटाची गाडी कधीच साऱ्या भूतकाळाची नक्कल करत नाही. ती भूतकाळातला एक तुकडा उचलते आणि मधला तुकडा गाळते. काय उचलले याइतकेच काय गाळले हेही पाहिले, तर ती गाडी कोणासाठी आहे हे कळते. हेच मोजमाप मी वाशीमच्या थारला लावून पाहणार आहे.

उघडी गाडी साधी होती तेव्हा

आज छपराविना गाडी ही चैन वाटते. सुरुवातीला उलटे होते. १९१९ च्या सुमारास अमेरिकेत दहापैकी नऊ मोटारी उघड्या होत्या, कारण लाकूड, पत्रा आणि काच यांची बंद खोली चाकांवर चढवणे महाग पडे. स्वस्तात बंद गाडी देणे कारखान्यांना जमले तसे दहा वर्षांत हे प्रमाण उलटले.

वऱ्हाडात मोटारी आल्या त्या याच काळात. अमेरिकेशी वऱ्हाडचे नाते मात्र त्याहून जुने होते. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकी यादवी युद्धात दक्षिणेकडचा कापूस अडकला, लँकशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या आणि वऱ्हाडी कापसाला सोन्याचे दिवस आले. पुढे कारंज्याचा कापूस यवतमाळ–मूर्तिजापूर या अरुंद रुळांच्या रेल्वेने, म्हणजे आपल्या 'शकुंतले'ने, मूर्तिजापूरला आणि तिथून मुंबईला जाऊ लागला. पहिल्या महायुद्धानंतर कापसाला भाव मिळाला तेव्हा सधन घरांतून मोटारीची हौस सुरू झाली. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला जोडणीचा कारखाना काढला आणि शेवरोले या नावाची अनेकांना ओळख झाली. थोड्याच काळात फोर्डनेही मुंबईत जोडणी सुरू केली. १९४४ मध्ये सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी क्रायस्लरशी करार करून प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लिमथ आणि डिसोटो बाहेर पडू लागल्या.

हा अमेरिकी अध्याय लवकर मिटला. १९५३ च्या सुमारास सरकारने धोरण ठरवले, की सुटे भाग आणून नुसती जोडणी करणाऱ्यांना येथे जागा नाही. भाग इथेच बनवायचे. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी गाशा गुंडाळला. त्यानंतर मोठी अमेरिकी गाडी सामान्य माणसाला सिनेमात दिसली. नटनट्यांच्या इंपाला हा कौतुकाचा विषय झाला. जुन्या उघड्या गाडीच्या वाट्याला मात्र कौतुकही आले नाही. १९५८ च्या 'चलती का नाम गाडी' या चित्रपटातली १९२८ ची शेवरोले प्रेक्षकांना हसवण्यासाठी होती. तीस वर्षांची गाडी तेव्हा वारसा नव्हती, खटारा होती.

अमेरिकेत मस्टँगचे युग सुरू झाले तेव्हा इकडे नवी अमेरिकी गाडी घेण्याची वाट जवळजवळ बंद झाली होती. २०१६ मध्ये मस्टँग अधिकृतपणे भारतात आली ती ६५ लाखांना, आणि तीही बंद छपराची. वाशीमच्या मनात मस्टँगची जागा रिकामी राहिली. ती जागा एका दुसऱ्या उघड्या अमेरिकी गाडीने घेतली. ती गाडी सुंदर नव्हती, वेगवानही नव्हती.

जि.प.ची जीप

१९४० मध्ये अमेरिकी लष्कराने हलक्या, चारही चाकांना जोर मिळणाऱ्या टेहळणी गाडीची मागणी नोंदवली. पेनसिल्वेनियातील बॅन्टम या छोट्या कंपनीने पहिला नमुना करून दिला; पण पुढचे मोठे काम विलीस-ओव्हरलँड आणि फोर्ड यांच्याकडे गेले. विलीसचे अभियंता बार्नी रूस यांच्या साठ अश्वशक्तीच्या इंजिनाने या गाडीला दम दिला. युद्ध संपेपर्यंत दोन्ही कारखान्यांतून सुमारे ६ लाख ४० हजार जीप बाहेर पडल्या. छप्पर कापडाचे, पुढची काच बोनेटवर आडवी पाडता येणारी, दारे नाहीतच. यातले काहीच शोभेसाठी नव्हते. वजन कमी हवे, उडी मारून उतरता यावे आणि मोडले तर रानात दुरुस्त व्हावे, एवढाच हिशोब होता.

ऑक्टोबर १९४५ मध्ये जगदीशचंद्र व कैलासचंद्र महिंद्रा हे बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाले. विलीसशी करार करून स्वातंत्र्याच्या आगेमागेच मुंबईत माझगावला जीपची जोडणी सुरू झाली. इथे भाग बनवण्याची अट जीपने मान्य केली, म्हणून शेवरोले गेली तरी जीप राहिली. उंच बोनेटची जी जीप अमेरिकेत साठच्या दशकात बंद झाली, तिचा आकार इथे पुढे कित्येक वर्षे निघत राहिला.

आपल्याकडे जीप आली ती सरकारच्या हाताला धरून. स्वतंत्र भारतातला पहिला गाजलेला खरेदी घोटाळाही जीपचाच होता. १९४८ मध्ये लंडनमधील उच्चायुक्तालयामार्फत दोन हजार दुरुस्त केलेल्या जीपची मागणी दिली गेली, आल्या १५५, आणि त्याही वापरता येईनात. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला. त्याला अमेरिकेच्या तांत्रिक सहकार्याची मदत होती आणि तिच्यात जीपगाड्याही होत्या. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता. १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. राज्ये बदलली, जीप तीच राहिली. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या कामाला लागल्या. गटविकास अधिकाऱ्याला जीप, तहसीलदाराला जीप, फौजदाराला जीप. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्याचा भाग होते. १९०५ पर्यंत स्वतंत्र जिल्हा असलेले हे गाव १ जुलै १९९८ रोजी पुन्हा जिल्हा झाले. मधल्या त्या काळात जिल्ह्याचे सरकार खेड्यात दिसायचे ते बहुधा जीपच्या रूपात. 'जि.प.' आणि 'जीप' हे शब्द बोलताना एकमेकांत मिसळतात, ते काही केवळ उच्चारामुळे नव्हे.

या भागातली काळी माती पावसाळ्यात चाकाला पोळीसारखी चिकटते. पांदण रस्त्यात बैलगाडीही फसते. तिथे चारही चाकांनी ओढणारी जीप पोचे, म्हणून जीप येणे म्हणजे सत्ता येणे हे समीकरण झाले. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायाबापड्यांच्या हजेरीवर जीप आली. १९७६ मध्ये नसबंदीच्या मोहिमेतही जीपच आली, तेव्हा गावोगावचे पुरुष तुरीच्या-पऱ्हाटीच्या रानात जाऊन लपले. निवडणुकीत हीच जीप भोंगा लावून फिरली. निकालाच्या दिवशी तिचा टप काढून गुलालाने माखलेला उमेदवार तिच्यात उभा राहिला.

मंगरूळपीर तालुक्यातील एका वृद्ध माजी कोतवालाशी मी या विषयावर बोललो. त्यांचे एक वाक्य मला या साऱ्या इतिहासाचा सारांश वाटते: "जीप आली का आमी उठून उभे राहो. आत कोन बसेल हाय, ते मंग पाहो." आदर माणसाआधी गाडीला मिळत होता. गाडी उघडी असल्याने आत बसलेला साहेब दिसायचाही. बंद मोटारीतल्या माणसाला सत्ता असू शकते, पण ती दिसत नाही. उघड्या जीपमध्ये ती काळा चष्मा लावून, एक हात बाहेर टाकून बसलेली असे.

अमेरिकी उघड्या गाडीची आणि आपल्या उघड्या गाडीची ओढ इथे वेगळी होते. तिकडे छप्पर काढायचे ते वारा अंगावर घेण्यासाठी. वऱ्हाडात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४४ अंशांवर असताना वारा अंगावर घेण्याची हौस कोणाला असणार? आपल्याकडे छप्पर काढायचे ते दिसण्यासाठी. रथ, पालखी, नवरदेवाची वरात, विजयी मिरवणूक या सगळ्या उघड्या वाहनांच्या परंपरेत जीप सहज बसली.

काळी-पिवळी

नव्वदच्या दशकात जीपची जात बदलली. तोवर डिझेल इंजिनाच्या, लांब बांध्याच्या जीप बाजारात आल्या होत्या. एस.टी. दिवसातून एकदा-दोनदा येणाऱ्या गावांना त्या वरदान ठरल्या. बँकेचे कर्ज काढून सुशिक्षित बेकारांनी त्या घेतल्या, काळा-पिवळा रंग दिला आणि तालुक्याच्या नाक्यावर उभ्या केल्या. 'काळी-पिवळी' म्हटले की आजही या भागात वेगळे सांगावे लागत नाही.

नऊ-दहा माणसांच्या गाडीत पंधरा-वीस माणसे बसत. पुढच्या बाकावर चौघे, त्यामुळे चालक अर्धा दाराबाहेर. मागच्या पायरीवर कॉलेजची मुले लोंबकळत, टपावर पोती आणि कोंबड्यांच्या टोपल्या. अपघात झाले, माणसे दगावली. पण बाजार गाठला गेला, बाळंतीण दवाखान्यात पोचली, मुली तालुक्याच्या शाळेत गेल्या. ज्या गाडीला पाहून गाव उठून उभे राहत होते, त्याच गाडीत आता गाव बसले होते, एकमेकांच्या मांडीवर का होईना.

सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने जीपच्या चरित्रातला हा सर्वांत मोठा प्रसंग आहे. जीपची प्रतिष्ठा मात्र याच काळात गेली. साहेबलोक बंद, थंड हवेच्या गाड्यांत गेले. ज्याच्याकडे चार पैसे आले त्यानेही जीप टाळली, कारण दारातली जीप म्हणजे 'भाड्याने चालवतो काय?' या प्रश्नाला निमंत्रण होते.

थारला काय आठवते

२०१० मध्ये महिंद्राने थार काढली तेव्हा ती जुन्या जीपच्याच आकारात नवे इंजिन बसवलेली, मर्यादित शौकिनांची गाडी होती. २ ऑक्टोबर २०२० रोजी दुसरी थार आली आणि चित्र बदलले. आत पडदा, थंड हवा, सुरक्षेची साधने. बाहेर तोच चौकोनी बांधा. कडक छप्पर हवे तर कडक, कापडी हवे तर कापडी.

आता मघाचे मोजमाप लावू. थारला युद्धातली विलीस आठवते, गटविकास अधिकाऱ्याची आणि फौजदाराची जीप आठवते. काळी-पिवळी आठवत नाही. पहिल्या तीनदारी थारमध्ये मागच्या जागेवर चढणेही अवघड आहे. माणसे भरण्याची गाडी ती नव्हेच. अमेरिकी मस्टँगने जशी १९७४ गाळली, तशी थारने नव्वदचे दशक गाळले.

तरी एक फरक उरतो, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. २००५ ची मस्टँग घेणाऱ्या साठीच्या अमेरिकी माणसाने विशीत मूळ मस्टँग चालवलेली असू शकत होती. निदान शेजारच्या मुलाकडे तरी ती असायची. तो आपलेच तारुण्य परत विकत घेत होता. वाशीमच्या खरेदीदाराच्या घरात जीप कधीच नव्हती. त्याचा आजोबा रस्त्याच्या कडेला, धुळीत, टोपी सावरत उभा होता. नातू विकत घेतो ती घरातली आठवण नाही, ती कडेला उभे राहून पाहिलेल्या आसनाची आठवण आहे. मालेगाव तालुक्यातील एका तरुण शेतकऱ्याला मी विचारले, की याच किमतीत सात जणांची गाडी येते, आईवडील आरामात बसतील, मग हीच का? तो म्हणाला, "काका, त्या गाडीत बसलं तं कोनी पाहत नाही."

या पाहिले जाण्याची किंमत मोजून बघण्यासारखी आहे. २०२० च्या थारची सुरुवातीची किंमत ९ लाख ८० हजार होती. त्या हंगामातला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ३,८८० रुपये. म्हणजे २५२ क्विंटल सोयाबीन. एकरी सहा क्विंटल धरले तर ४२ एकरांचे एका हंगामाचे सारे पीक, तेही बी-खत-फवारणी-मजुरीचा खर्च न वजा करता. अमेरिकी मध्यम कुटुंबाला मस्टँग वर्षाच्या एक तृतीयांश मिळकतीत पडली होती. इथे पाच एकरवाल्याला थार आठ वर्षांच्या कच्च्या पिकाला पडते. ज्यांना ती झेपते त्यांच्याकडे बहुधा शेतीखेरीज दुसरी वाट असते: ठेकेदारी, दुकान, नोकरी, किंवा रस्त्यात गेलेल्या जमिनीचा मोबदला. बाकीच्यांकडे हप्ता असतो. २०१८ पासून केंद्राच्या यादीत वाशीम हा 'आकांक्षित जिल्हा' आहे. त्या यादीत आरोग्य, शिक्षण, सिंचन मोजले जाते. ही आकांक्षा मोजण्याचा रकाना तिच्यात नाही.

या आकारावर हक्क कोणाचा, हाही प्रश्न मध्यंतरी निघाला. २०१८ मध्ये महिंद्राने अमेरिकेत रॉक्सर नावाची जुन्या जीपच्या घाटाची, रस्त्याबाहेर चालवायची गाडी काढली. जीपचे नाव तेव्हा ज्या कंपनीकडे होते, त्या फियाट क्रायस्लरने तक्रार केली, की हा चेहरा आमचा आहे. जून २०२० मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने मूळ रचनेची रॉक्सर रोखली. रचना बदलून ती पुढे आली आणि वादही पुढे चालला. ज्या वर्षी अमेरिकेने दार लावले त्याच वर्षी त्याच घराण्याची थार आपल्याकडे आली. २०२१ पासून अमेरिकी नावाची जीप रँग्लरही पुणे जिल्ह्यातील रांजणगावला जोडली जाऊ लागली, सुरुवातीची किंमत ५३ लाख ९० हजार. थार नाशिकला बनते. दोन्ही भावंडे आता महाराष्ट्रातच जन्मतात, आणि वाशीमच्या चौकात नाशिकचीच 'खरी जीप' मानली जाते. आकार कायद्याने कोणाचाही असो, आठवण ज्याने साठ वर्षे धुळीत उभे राहून कमावली त्याची आहे, असे मला वाटते.

म्हणून थार घेणाऱ्या मुलाला मी उधळ्या म्हणणार नाही. घराण्यात पहिल्यांदाच कोणी त्या उंच आसनावर बसले असेल, तर त्या आनंदाला इतिहासाचा आधार आहे. मात्र त्या आसनाबरोबर काय येते हेही त्याच इतिहासात आहे. साहेबाची जीप पाहून लोक उठत ते सगळेच आदराने नव्हे. काही जण रानाकडे पळण्यासाठीही उठत. अरुंद रस्त्यावर भोंगा वाजवत सायकलवाल्याला कडेच्या चिखलात उतरवणारी थार त्या आठवणीचा हा दुसरा भागही नकळत जिवंत ठेवते.

काळी-पिवळीही आता रस्त्यावरून कमी होत चालली आहे. तालुक्याच्या नाक्यांवर एखाद-दुसरी गंजत उभी दिसते. तिच्या घाटाची नवी गाडी कोणताही कारखाना काढणार नाही, कारण पायरीवर लोंबकळण्याची आठवण विकत घेणारा कोणी नाही. तिचा इतिहास लिहायचा तर तिच्यातून शाळेत गेलेल्या मुलींना, तिच्या चालकांना आणि जिच्या मांडीवर शेजारणीचे पोर बसले होते त्या बायांना विचारावे लागेल. त्यातल्या बऱ्याच जणी अजून हयात आहेत.